आजचं मरण उद्यावर : जनरल मोटर्स कशी बुडाली?

१ जून २००९, सोमवार. जनरल मोटर्सच्या वकिलांनी न्यूयॉर्कच्या दिवाळखोरी न्यायालयात अर्ज दाखल केला. त्यात कंपनीने स्वतःच लिहून दिलं होतं : मालमत्ता सुमारे ८२ अब्ज डॉलर, देणी सुमारे १७३ अब्ज डॉलर. कारखाने, जमिनी, यंत्रं, टेबल-खुर्च्या सगळं विकलं तरी निम्मं देणंही फिटलं नसतं.

ही काही ऐरीगैरी कंपनी नव्हती. १९३१ पासून सलग ७७ वर्षं जगात सगळ्यात जास्त गाड्या तिच्याच खपत होत्या. वर्षाला एक अब्ज डॉलरहून जास्त नफा कमावणारी पहिली अमेरिकी कंपनी तीच, १९५५ साली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या दर दोन गाड्यांतली एक तिची असायची. वाटा आणखी वाढला तर मक्तेदारीविरोधी कायद्याखाली सरकार आपले तुकडे करेल, ही तिथल्या साहेबलोकांची त्या काळातली खरीखुरी काळजी होती.

मग बुडाली कशी? विचारलंत तर चार ठरलेली उत्तरं मिळतात. जपान्यांनी मारली, युनियनने खाल्ली, तेलाने जाळली, २००८ च्या मंदीने बुडवली. चारही उत्तरांत तथ्य आहे. पण तेच जपानी, तीच युनियन, तेच तेल आणि तीच मंदी फोर्डच्याही वाट्याला आली होती. फोर्डने २००६ मध्येच जवळजवळ सगळी मालमत्ता, अगदी ते निळं लंबगोल बोधचिन्हसुद्धा, गहाण टाकून साडेतेवीस अब्ज डॉलरची सोय करून ठेवली, म्हणून ती तगली. जनरल मोटर्सला मात्र एक जुनी सवय जडली होती. अडचण आली की आज किंमत मोजायची नाही, उद्याच्या खात्यावर टाकायची. कंपनी वाढत होती तोवर ते खपून गेलं.

घोडागाडीवाला आणि हिशेबी माणूस

विल्यम ड्युरंट हा मिशिगन राज्यातल्या फ्लिंट गावचा घोडागाड्यांचा कारखानदार. १९०४ मध्ये त्याने डबघाईला आलेली ब्युइक कंपनी हाती घेतली, चालवून दाखवली आणि १६ सप्टेंबर १९०८ ला जनरल मोटर्स काढली. गाड्या बनवण्यापेक्षा कंपन्या विकत घेण्याचा त्याला नाद. ओल्ड्समोबिल घेतली, कॅडिलॅक घेतली, ओकलंड घेतली, सुटे भाग बनवणाऱ्या तर कितीतरी. १९०९ मध्ये तो हेन्री फोर्डची कंपनीसुद्धा घ्यायला निघाला होता. फोर्डने ८० लाख डॉलर मागितले, तेही रोख, आणि बँकांनी हात वर केले. (जर-तरच्या इतिहासाची आवड असलेल्यांनी इथे हवं तेवढं रेंगाळावं.) वर्षभरात कर्ज इतकं झालं की बँकांनी ड्युरंटलाच बाहेर काढलं. पठ्ठ्याने लुई शेव्रोले या स्विस शर्यतपटूला हाताशी धरून त्याच्या नावाने नवी कंपनी काढली, ती तुफान चालली आणि तिच्या जोरावर त्याने १९१६ मध्ये जनरल मोटर्स परत मिळवली. १९२० मध्ये शेअर बाजारात हात पोळले, पुन्हा हकालपट्टी. उतारवयात तो फ्लिंटमध्येच बोलिंगचा अड्डा चालवत होता.

ड्युरंटने मागे ठेवला तो कंपन्यांचा नुसता ढीग. त्याची कंपनी केली आल्फ्रेड स्लोनने. १९२३ मध्ये तो अध्यक्ष झाला तेव्हा समोर फोर्डचं मॉडेल टी होतं. एकच गाडी, कित्येक वर्षं एकाच काळ्या रंगात, आणि किंमत दरवर्षी कमी होत होत तीनशे डॉलरच्या खाली आलेली. स्वस्ताईत फोर्डला गाठणं अशक्य आहे हे स्लोनने ओळखलं आणि खेळाचे नियमच बदलले. प्रत्येक खिशाला आणि प्रत्येक गरजेला एक गाडी, असं त्याने ठरवलं. खाली शेव्रोले, मग पाँटिअ‍ॅक, ओल्ड्समोबिल, ब्युइक आणि सगळ्यात वर कॅडिलॅक. कारकुनाने शेव्रोले घ्यावी, बढती मिळाली की पाँटिअ‍ॅककडे बघावं, दुकान वाढलं की ब्युइक. शेजाऱ्याच्या दारात उभी असलेली गाडी बघून त्याचं कसं चाललंय ते कळावं.

दुसरी युक्ती दरवर्षी नवं मॉडेल काढण्याची. यंत्र तेच, पण अंगावरचा पत्रा, रंग, दिवे बदलायचे. चालती गाडी तीन वर्षांत जुनाट वाटली पाहिजे. त्यासाठी हॉलिवूडच्या नटनट्यांना खास गाड्या बनवून देणाऱ्या हार्ली अर्लला १९२७ मध्ये डेट्रॉइटला आणून खास विभाग काढून दिला.

तिसरी युक्ती हप्त्याची, आणि आपल्या गोष्टीत हीच महत्त्वाची. जनरल मोटर्सने १९१९ मध्येच गाडीसाठी कर्ज देणारी स्वतःची कंपनी काढली होती. हेन्री फोर्डला उधारीचा तिटकारा. त्याने १९२३ मध्ये योजना आणली ती उलटी : गिऱ्हाइकाने आठवड्याला पाच डॉलर भरत राहायचं, पूर्ण किंमत जमली की गाडी न्यायची. इकडे जनरल मोटर्स म्हणत होती, गाडी आज न्या, पैसे नंतर बघू. लोक कुठे गेले असतील ते सांगायला नको. १९२७ मध्ये फोर्डला मॉडेल टी बंद करावं लागलं.

पगार आज, पेन्शन उद्या

३० डिसेंबर १९३६ ला फ्लिंटच्या कामगारांनी संप केला तो वेगळ्या पद्धतीचा. गेटबाहेर घोषणा देत बसले नाहीत, कारखान्याच्या आत यंत्रांजवळच ठाण मांडलं. बाहेर असते तर कंपनीने दुसरी माणसं आणून काम चालू केलं असतं; आत बसलेल्यांना हुसकायचं तर लाखमोलाची यंत्रं मोडणार. ४४ दिवसांनी कंपनी वाकली आणि वाहन कामगारांच्या युनियनला तिने मान्यता दिली.

पुढे युद्ध संपलं, गाड्यांना तुफान मागणी आली आणि संप म्हणजे कंपनीला रोजचा लाखोंचा तोटा. म्हणून १९५० मध्ये वॉल्टर रूथरची युनियन आणि कंपनी यांच्यात पाच वर्षांचा करार झाला. महागाईप्रमाणे पगारवाढ, आजारपणाचा विमा, निवृत्तीनंतर पेन्शन. बदल्यात पाच वर्षं शांतता. 'डेट्रॉइटचा तह' म्हणून तो प्रसिद्ध आहे.

हा तह पुढे कंपनीच्या गळ्याला फास झाला, आणि तो का झाला हे समजून घेण्यासारखं आहे. रूथरला मुळात प्रत्येक कंपनीची वेगळी पेन्शन नको होती. त्याचं म्हणणं असं, की म्हातारपण आणि आजारपण यांची जोखीम सगळ्या उद्योगाने मिळून, जमल्यास देशाने मिळून वाटून घ्यावी. एका कंपनीवर टाकली तर ती कंपनी बुडाल्यावर म्हातारेही बुडतील. उद्योगपतींना त्यात समाजवादाचा वास आला. त्यांना आपापल्या कंपनीपुरतीच व्यवस्था हवी होती. जनरल मोटर्सचा प्रमुख चार्ल्स विल्सनने मग आपल्या कंपनीपुरतं भरघोस देऊ केलं. तेव्हा ते स्वस्तही होतं. कामगार तरुण, पेन्शनर थोडे, आणि वचन आज दिलं तरी पैसे वीस-तीस वर्षांनी द्यायचे. पगार वाढवला तर यंदाच्या नफ्याला कात्री लागते, पेन्शन वाढवली तर यंदाच्या ताळेबंदात फारसं काही दिसत नाही. त्यामुळे पुढच्या जवळजवळ प्रत्येक करारात जिथे अडलं तिथे पेन्शन आणि औषधपाणी वाढवून वाट काढली गेली.

आता आकडे बघा. १९६२ मध्ये कंपनीचे अमेरिकेत सुमारे ४ लाख ६४ हजार कर्मचारी होते आणि निवृत्तिलाभ घेणारे ४० हजार. २००५ च्या सुमारास कर्मचारी उरले १ लाख ४१ हजार आणि लाभ घेणारे झाले ४ लाख ५३ हजार. घरात बारा कमावते आणि आजी एक, असं असताना आजीचं औषधपाणी कुणाला जाणवत नाही. एकटा कमावता आणि तीन म्हातारी माणसं झाली की महिनाअखेर दिसू लागते. गाडीमागे जवळजवळ दीड हजार डॉलर निव्वळ आरोग्यखर्चाचे पडू लागले, गाडीतल्या पोलादापेक्षा जास्त. टोयोटाला हा भार नव्हता. जपानमध्ये आजारपणाचा विमा राष्ट्रीय होता आणि टोयोटाचे अमेरिकेतले कारखाने नवे, कामगार तरुण. रूथरने सांगितलेलं पन्नास वर्षांनी खरं ठरलं.

म्हणून 'युनियनने खाल्ली' हे उत्तर अर्धंच आहे. करारावर सह्या दोघांच्या होत्या.

एकाच साच्यातल्या चार गाड्या

साठच्या दशकात पहिला ओरखडा उमटला. कंपनीची कॉर्व्हेअर गाडी असुरक्षित आहे म्हणून राल्फ नेडर या तरुण वकिलाने टीकेची झोड उठवली, तर कंपनीने त्यांच्या मागे खासगी गुप्तहेर लावले. ते उघडकीला आलं. १९६६ मध्ये कंपनीच्या अध्यक्षाला सिनेटच्या समितीसमोर माफी मागावी लागली, आणि त्याच वर्षी वाहनसुरक्षेचा कायदा झाला. टीकेतल्या मुद्द्याला उत्तर देण्यापेक्षा टीकाकाराची कुंडली काढणं या मंडळींना सोपं वाटलं, यातच बरंच काही आलं.

याच काळात कंपनीचा कारभार गाड्या बनवणाऱ्यांच्या हातून हिशेब ठेवणाऱ्यांच्या हाती गेला. १९५८ नंतर सर्वोच्च पदावर आलेली मंडळी बहुतेक वित्त विभागातून वर चढलेली. मला हिशेबनीसांबद्दल आकस नाही; स्लोनही आकड्यांचाच माणूस होता. पण त्याने शेव्रोले ते कॅडिलॅक या शिडीच्या पायऱ्या वेगळ्या राखल्या होत्या आणि यांनी खर्च वाचवायला त्या घासून सपाट केल्या. शेव्रोले, पाँटिअ‍ॅक, ओल्ड्समोबिल, ब्युइक यांच्याखाली एकच सांगाडा, वर जवळपास एकच पत्रा. १९७७ मध्ये तर ओल्ड्समोबिल घेतलेल्या लोकांना बॉनेटखाली शेव्रोलेचं इंजिन सापडलं आणि खटले उभे राहिले. १९८३ मध्ये एका नामांकित व्यापारी मासिकाने मुखपृष्ठावर चार ब्रँडच्या एकाच रंगाच्या चार गाड्या शेजारी उभ्या केल्या. कुठली कुठली ते ओळखू येईना. १९८२ च्या मॉडेलपासून कॅडिलॅकनेही शेव्रोलेच्या छोट्या गाडीला कातडी सीट आणि आपला बिल्ला लावून 'सिमरॉन' या नावाने विकलं. कॅडिलॅक हे नाव मोठं करायला पन्नासहून जास्त वर्षं लागली होती, ते असं सुट्ट्या पैशांसारखं उधळलं गेलं. खर्च वाचला तो त्या वर्षी दिसला. गिऱ्हाईक दुरावलं ते पुढे दहा वर्षांनी.

मधे १९७३ आणि १९७९ चे तेलाचे झटके येऊन गेले. लहान, कमी पेट्रोल पिणाऱ्या जपानी गाड्या लोकांनी नाइलाजाने घेतल्या आणि मग लक्षात आलं की या बिघडतही नाहीत. नाइलाजाने आलेलं गिऱ्हाईक राजीखुशीने राहिलं, हे जास्त महागात पडलं.

ओढायची दोरी

कंपनीला कळत नव्हतं असं नाही. उलट, कळावं म्हणून तिने शिकवणीच लावली होती. हा भाग मला सगळ्या गोष्टीत सर्वांत रंजक वाटतो, कारण इथे उत्तर हातात आलं होतं.

कॅलिफोर्नियात फ्रीमाँट इथे जनरल मोटर्सचा एक बदनाम कारखाना होता. कोणत्याही दिवशी पाचातला एक कामगार गैरहजर. कामावर दारू, रोजची भांडणं, तक्रारींचे ढीग. चिडलेले कामगार दरवाज्याच्या पोकळीत मुद्दाम रिकामी बाटली टाकून देत, म्हणजे गिऱ्हाइकाच्या घरी गेल्यावर ती खडखड वाजत राहील. १९८२ मध्ये कारखाना बंद पडला. मग टोयोटा आणि जनरल मोटर्सने तो भागीदारीत पुन्हा उघडला. टोयोटाला अमेरिकी कामगारांशी कसं वागायचं ते शिकायचं होतं, जनरल मोटर्सला छोटी गाडी नीट कशी बनवायची ते. नव्या भरतीत बहुतेक जुनेच, बदनाम म्हणून ओळखले जाणारे कामगार होते, युनियनही तीच. त्यांतल्या शेकडोंना आधी जपानला नेऊन टोयोटाच्या कारखान्यात काम करून दाखवलं. डिसेंबर १९८४ मध्ये उत्पादन सुरू झालं, आणि थोड्याच काळात त्याच माणसांच्या हातून निघालेल्या गाड्या जपानी गाड्यांच्या तोडीच्या ठरल्या. गैरहजेरी दोन टक्क्यांवर आली.

जादू कसली होती? एक साधी गोष्ट सांगतो. जनरल मोटर्सच्या कारखान्यात एक अलिखित नियम होता : काहीही होवो, गाड्या जोडत पुढे सरकणारी लाईन थांबता कामा नये. बोल्ट वाकडा बसला, भाग उलटा लागला, गाडी पुढे जाऊ द्या, शेवटी आवारात उभी करून दुरुस्त करू. फोरमनचं कौतुक दिवसाला किती गाड्या निघाल्या यावर व्हायचं. टोयोटाच्या पद्धतीत प्रत्येक कामगाराच्या डोक्यावर एक दोरी असे. काही चुकलं, वेळ अपुरा पडला, तर ती ओढायची. ओढली की एक धून वाजते, वर पाटीवर त्या जागेचा क्रमांक उजळतो, गटप्रमुख धावत येतो आणि विचारतो, काय मदत करू? ठरलेल्या टप्प्यापर्यंत गाडी जाईतो दोष निघाला नाही तर सगळी लाईन थांबते. चूक जिथे झाली तिथे, झाली त्या क्षणी निस्तरायची. आजचं आज.

ही दोरी जनरल मोटर्सने आपल्या दुसऱ्या कारखान्यांतही बांधून पाहिली. दोरी बांधणं सोपं होतं. पण ती ओढणाऱ्यावर फोरमन ओरडणार असेल तर ओढणार कोण? आणि भाग मुळातच नीट बसत नसेल तर रचनाकाराला, पुरवठादाराला जाब कोण विचारणार? फ्रीमाँटमध्ये दोरीमागे ही सगळी साखळी होती. बाकीकडे नुसती दोरी लोंबकळत राहिली.

त्या वेळचे प्रमुख रॉजर स्मिथ यांना उत्तर यंत्रांत दिसत होतं. कारखाने रोबोंनी भरले, १९८४ मध्ये अडीच अब्ज डॉलरला एक संगणक कंपनी आणि पुढच्या वर्षी पाच अब्जांना विमानं-उपग्रह बनवणारी ह्यूज कंपनी घेतली. संगणक कंपनीचा जुना मालक रॉस पेरो संचालक मंडळात बसून कारभारावर उघड टीका करू लागला, तर त्याला सुमारे ७० कोटी डॉलर देऊन घरी पाठवलं. डेट्रॉइटजवळच्या नव्याकोऱ्या कारखान्यात सुरुवातीला रंगकाम करणारे रोबो एकमेकांनाच रंगवत होते, अशा बातम्या तेव्हा छापून आल्या. १९९२ चा तोटा साडेतेवीस अब्ज डॉलर. त्याचा मोठा भाग हिशेबाचे नियम बदलल्यामुळे होता : निवृत्तांच्या औषधपाण्याचं भविष्यातलं ओझं आता आजच्या कागदावर दाखवणं भाग पडलं. ओझं नवं नव्हतं, दिसायला लागलं एवढंच.

मोठ्या गाड्या, फुकट कर्ज

नव्वदच्या दशकात पुन्हा बरे दिवस आले ते ट्रक आणि एसयूव्ही यांच्यामुळे. परदेशी बनावटीच्या छोट्या ट्रकवर अमेरिकेत १९६४ पासून २५ टक्के आयातशुल्क आहे. शिवाय इंधन किती प्यावं याचे नियम मोटारींपेक्षा ट्रकला सैल, आणि एसयूव्ही कायद्याच्या वहीत ट्रकमध्ये मोडत. म्हणजे तटबंदीच्या आतलं मैदान. एका मोठ्या गाडीवर हजारो डॉलर सुटायचे. साध्या मोटारींकडे बघायला मग कुणाला वेळ? याच काळात कंपनीने ईव्ही-१ ही विजेवर चालणारी गाडी बनवली, शेकडो लोकांना भाड्याने दिली आणि पुढे परत मागवून बहुतेक चेचून टाकली. टोयोटाने त्याच सुमारास पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणारी प्रियस आणली. पुढे काय झालं ते आपण बघतोच आहोत.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर बाजार थंडावला तेव्हा कंपनीने बिनव्याजी कर्जं वाटायला सुरुवात केली. गाड्या खपल्या. पण त्यातले बरेचजण दोन वर्षांनी घेणार होते ते आत्ताच घेऊन मोकळे झाले. कारखाने बंद ठेवणंही परवडत नव्हतं, कारण १९८४ च्या कराराप्रमाणे काम नसलेल्या कामगारांनाही जवळपास पूर्ण पगार द्यावा लागे. म्हणून गाड्या बनवत राहायचं आणि सवलती देऊन खपवत राहायचं. २००४ मध्ये तर अवस्था अशी, की नफा कर्ज देणारी शाखा कमावत होती आणि गाड्यांचा धंदा नुसता हात हलवत होता. त्या शाखेने घरकर्जातही हात घातला होता, आणि घरकर्जाचं अमेरिकेत पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

२००८ च्या उन्हाळ्यात पेट्रोल गॅलनला चार डॉलरच्या वर गेलं, मोठ्या गाड्या शोरूममध्ये पडून राहिल्या. सप्टेंबरमध्ये बँका कोसळल्या, कर्ज मिळेनासं झालं. त्या वर्षीचा तोटा जवळजवळ ३१ अब्ज डॉलर. नोव्हेंबरमध्ये प्रमुख रिक वॅगनर सरकारकडे मदत मागायला वॉशिंग्टनला गेले ते कंपनीच्या खासगी विमानातून, आणि फोर्ड-क्रायस्लरचे साहेबही तसेच. झोळी घेऊन विमानाने येता का, असं लोकप्रतिनिधींनी तोंडावर विचारलं. पुढच्या खेपेला तिघेही गाडीने आले.

आधी बुश सरकारने १३ अब्जांहून अधिक कर्ज देऊन वेळ मारून नेली. ओबामांनी मार्च २००९ मध्ये वॅगनर यांना जायला सांगितलं आणि कंपनीला न्यायालयात पाठवलं. तिथे जे घडलं ते नेहमीच्या लिलावासारखं नव्हतं. कायद्यातल्या एका तरतुदीचा वापर करून नवी कंपनी उभी केली. चांगले कारखाने, शेव्रोले, कॅडिलॅक, ब्युइक, जीएमसी ही नावं तिने 'विकत' घेतली. बंद पडलेले कारखाने, प्रदूषित जमिनी, जुनी कर्जं जुन्या सांगाड्यात राहिली आणि त्याचं नावच बदलून 'मोटर्स लिक्विडेशन' ठेवलं. फक्त ४० दिवसांत हे उरकलं. नव्या कंपनीत अमेरिकी सरकारचा वाटा जवळजवळ ६१ टक्के, युनियनच्या आरोग्यनिधीचा साडेसतरा, कॅनडाचा पावणेबारा. रोखेधारकांना दहा टक्क्यांवर समाधान मानावं लागलं आणि जुन्या भागधारकांच्या हाती धुपाटणं आलं. पाँटिअ‍ॅक, सॅटर्न, हमर हे ब्रँड बंद, साब विकली. ओल्ड्समोबिल आधीच २००४ मध्ये गेली होती. ब्युइक वाचली ती चीनमध्ये तिला मान होता म्हणून. सरकारने एकूण घातले सुमारे साडेएकोणपन्नास अब्ज डॉलर, त्यातले ११ अब्ज बुडाले.

पुणे-मुंबईच्या वाटेवर

या कंपनीचा आपल्याकडचा इतिहास लोकांना वाटतो त्याहून जुना आहे. १९२८ मध्येच तिने मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली होती. स्वातंत्र्यानंतर धोरणं बदलली तसा तो कारखाना बंद झाला. दुसऱ्या खेपेला ती नव्वदच्या दशकात गुजरातेत हलोलला आली आणि सप्टेंबर २००८ मध्ये तळेगावला नवा कारखाना उघडला. तारीख लक्षात घ्या : त्याच महिन्यात अमेरिकेत बँका कोसळत होत्या.

महाराष्ट्रात तिची लोकांच्या तोंडी बसलेली गाडी म्हणजे टव्हेरा. टूरवाल्यांपासून लग्नाच्या वऱ्हाडापर्यंत सगळीकडे. २०१३ मध्ये कंपनीने सुमारे १ लाख १४ हजार टव्हेरा परत मागवल्या. तपासणीच्या वेळी धुराच्या चाचणीत पास व्हावं म्हणून खास निवडलेली इंजिनं बसवली जात होती, हे कंपनीच्याच चौकशीत निघालं. पुढे २०१७ मध्ये, बाजारातला वाटा एक टक्क्याच्याही खाली गेल्यावर, कंपनीने भारतात विक्री थांबवली. तळेगावातून निर्यात चालू राहिली, ती डिसेंबर २०२० मध्ये थांबली. एका चिनी कंपनीशी झालेला सौदा सरकारी परवानगीअभावी फिसकटला, कामगारांचा लढा कोर्टात गेला, आणि २०२३ मध्ये ह्युंदाईने तो कारखाना घेतला.

दिवाळखोरीने कर्ज पुसलं, स्वभाव पुसला नाही, याचा पुरावा २०१४ मध्ये मिळाला. कोबाल्ट वगैरे छोट्या गाड्यांच्या किल्लीच्या स्विचमध्ये एक स्प्रिंग कमजोर होती. जड जुडगा लटकत असला किंवा गुडघ्याचा धक्का लागला की चालत्या गाडीत किल्ली फिरायची, इंजिन बंद, स्टिअरिंग जड, आणि आदळल्यावर एअरबॅग उघडायची नाही. भागाची किंमत डॉलरभरही नाही. कंपनीतल्या काहींना दहा-बारा वर्षं याची कुणकुण होती. २००६ च्या सुमारास स्विच गुपचूप सुधारलाही, पण त्याचा क्रमांक जुनाच ठेवला, त्यामुळे जुन्या गाड्या बंद का पडतात आणि नव्या का नाहीत हे शोधणारेही चक्रावले. कंपनीने भरपाईसाठी १२४ मृत्यू मान्य केले. नेमलेल्या वकिलाच्या अहवालात तिथल्या बैठकींचं वर्णन आहे : सगळे माना डोलावतात, करायचं ठरतं, आणि खोलीबाहेर पडल्यावर कुणीच काही करत नाही. दुसरी खूण हातांची घडी घालून दोन्ही बोटं दोन्हीकडच्या शेजाऱ्यांकडे दाखवायची.

आज प्रमुख मेरी बारा यांच्या हाताखालची जनरल मोटर्स आकाराने लहान आहे आणि फायद्यात आहे. २०१७ मध्ये तिने युरोपातली ओपेल विकली, २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातली होल्डन मोडीत काढली. चीनमध्ये वर्षाला चाळीस लाखांच्या घरात गाड्या विकल्या जात होत्या, तिथेही खप घसरून २०२४ च्या अखेरीस पाच अब्ज डॉलरहून अधिक रक्कम खर्ची टाकावी लागली. अमेरिकेतला तिचा वाटा सहाव्या हिश्श्याच्या आसपास आहे आणि नफ्याचा मोठा भाग अजूनही थोराड पिकअप आणि एसयूव्हींचाच.

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये युनियनने पुन्हा संप केला. सहा आठवड्यांनी करार झाला : साडेचार वर्षांत २५ टक्के पगारवाढ, संकटाच्या काळात सोडून दिलेला महागाईभत्ता परत, खालच्या श्रेणीतल्यांना भराभर बढती. २००७ नंतर लागलेल्या कामगारांना निवृत्तीनंतरची ठरलेली पेन्शन मिळत नाही. तीही परत द्या, अशी मागणी होती. कंपनीने त्यांच्या निवृत्तीच्या बचतखात्यात जास्त पैसे भरायचं कबूल केलं. पेन्शनला मात्र ती शेवटपर्यंत नाही म्हणाली.